तिसऱ्या सांध्यावरचा ठोका

लिफ्टमधली चिठ्ठी निनावी होती, या मतावर झोर्नित्सा बरेच दिवस ठाम राहिली. खाली सही नव्हती, अक्षर मुद्दाम डाव्या हाताने काढलेलं होतं, आणि कागदसुद्धा घरचा नव्हता. प्रसूतीच्या रजेवर येताना भूमापन कचेरीतून जो एक गठ्ठा पिशवीत चुकून आला होता, त्यातला होता. एवढी काळजी घेतल्यावर माणूस निनावी नाही तर काय होणार? मजकूर असा होता :

'रेडिएटरच्या नळीवर ठोकणाऱ्या नागरिकास. तुमच्या ठोक्यांमुळे एक तान्हं बाळ रोज दुपारी दचकून उठतं. थोडी तरी लाज बाळगा.'

आता, स्लिव्हेन शहरातल्या त्या नऊ मजली इमारतीच्या 'ब' दारातून छत्तीस बिऱ्हाडं ये-जा करत. कुत्री सात होती, पोपट दोन होते, ट्रॉम्बोन वाजवणारा एक निवृत्त अग्निशामक होता. तान्हं बाळ मात्र एकच होतं. ही बारीकशी गोष्ट झोर्नित्साच्या लक्षात यायला आठवडा लागला. सात महिने सलग तीन तासांची झोप मिळाली नाही की चांगल्या शिकलेल्या बाईच्या हुशारीलाही अशी भोकं पडतात.

या सगळ्याचं मूळ क्रुमच्या फोनमध्ये होतं. क्रुम म्हणजे शहरातल्या टेक्नो संगीत वाजवणाऱ्या डीजेंचा म्होरक्या. जुन्या कापडगिरणीचा विणकामाचा हॉल पाडण्याआधी त्याला तिथे दिवसभराचा जलसा करायचा होता.

"झोर्ने, तुला रविवारी दुपारी तीनला चाळीस मिनिटं देतो. त्या वेळी कुणी नसतंच म्हणा. पोरंबाळंवाले येतात."

"म्हणजे आयांचा तास."

"तसं नाही गं... हो, तसंच. पण तू दोन वर्षं वाजवलेलं नाहीस. आणि घाबरू नकोस, हल्ली यंत्रावर एक बटण असतं. ते दाबलं की दोन्ही गाणी आपोआप एका वेगाला येतात."

फोन ठेवल्यावर झोर्नित्सा बराच वेळ दुधाच्या बाटल्या घासत राहिली. आपोआप! अकरा वर्षं तिने डीजे म्हणून कानाने वेग जुळवला होता. एक गाणं संपायच्या आत दुसरं त्याच्याखाली असं सरकवायचं, की नाचणाऱ्याचा पाय चुकता कामा नये. याला ती 'सांधा' म्हणायची. आठ गाणी, सात सांधे, मिनिटाला एकशे अठ्ठेचाळीस ठोके. क्रुमला दाखवायचंच की बाळ झालं म्हणून बाईचे कान गळून पडत नाहीत. हे साधलं नाही तर पुन्हा फोन येणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. नवऱ्याला, लाचेझारला, नव्हतं. तो रेल्वेच्या सिग्नलांच्या कामावर आठवडाभर बुर्गासला असायचा आणि शनिवारी येऊन "मग, झोपते का आता?" असं विचारायचा. तेही बाळाबद्दल.

बाळाचं नाव यागोदा, म्हणजे स्ट्रॉबेरी. दिसायलाही तशीच, लाल, ओलसर, आणि जरा दाबली की रडणारी. अंगाईला ती दाद देत नसे. पण एके दिवशी झोर्नित्साने स्पीकर जमिनीवर ठेवून हलक्या आवाजात गाणं लावलं, आणि ठोके फरशीतून पाळण्याच्या पायांत चढताच पोरीच्या मुठी उघडल्या, ओठ सैल पडले आणि ती झोपली. एकशे चाळीसला चुळबुळायची, एकशे पन्नासला भुवई उंचवायची. एकशे अठ्ठेचाळीसला गाढ. झोर्नित्साला वाटलं, देवाने आपल्याला बाळ नाही, तपासनीस पाठवला आहे.

दोन ते चार इमारतीत सक्तीची शांतता. घरव्यवस्थापक पेन्चेव्ह साहेब (पूर्वी वजनमापं खात्यात होते, अजूनही आहेत असंच वागायचे) घड्याळ घेऊन जिन्यात उभे राहत. म्हणून सराव बारा ते दोन. पहिला सांधा झकास. दुसरा झकास. तिसऱ्या सांध्याला मात्र वरून नळीवर ठोका पडायचा. ठण्. ठण्. आणि त्याच क्षणी यागोदा डोळे उघडून टाहो फोडायची.

ज्यांनी अशा इमारतीत आयुष्य काढलंय त्यांना नळीवरच्या ठोक्याचा अर्थ सांगावा लागत नाही. घरं तापवणाऱ्या गरम पाण्याची नळी तळघरापासून गच्चीपर्यंत एकच. ठोकणारा कुठल्या मजल्यावर आहे ते कधी कळत नाही आणि म्हणूनच सगळे मोकळेपणाने ठोकतात. ठोका म्हणजे 'गप्प बसा'. झोर्नित्सा तीन आठवडे गप्प बसली, म्हणजे तिसऱ्या सांध्याशी थांबून पोरीला खांद्यावर घेऊन फिरली. संशय तिने सातव्या मजल्यावरच्या अविवाहित दंतवैद्यावर ठेवला होता. मग ती चिठ्ठी.

लिफ्टमध्ये सूचनांसाठी काचेची चौकट होती, कुलूपबंद. किल्ली पेन्चेव्ह साहेबांकडे. झोर्नित्साने चिठ्ठी वरच्या फटीतून आत सरकवली. ती सुर्रकन गेली. बाहेर कशी काढायची, हा विचार ज्याला त्या वेळी सुचतो तो माणूस चिठ्ठ्या लिहीतच नाही.

चिठ्ठीचा परिणाम जादूसारखा झाला. ठोके बंद. झोर्नित्सा विजयी मुद्रेने पाच दिवस हिंडली. पोर अजूनही तिसऱ्या सांध्याला उठतच होती, पण ती सवय झाली असेल म्हणून तिने सोडून दिलं.

सहाव्या दिवशी, मंगळवारी, इमारतीच्या दारावर काळ्या चौकटीतला कागद लागला. फोटो होता सहाव्या मजल्यावरच्या तान्यो काकांचा. बरोबर झोर्नित्साच्या डोक्यावरचं बिऱ्हाड. 'दीर्घ आजारानंतर' असं लिहिलं होतं. दीर्घ आजार! हिवाळ्यापासून ते जिन्यात दिसले नव्हते, एवढंच तिला अंधूक आठवलं. तिने बाळाची गाडी तिथेच थांबवली. दीर्घ आजारी माणसाने त्रास झाल्यावर नळीवर दोनदा ठोकायचंही नाही?

लिफ्टमध्ये शिरल्यावर कळलं की पेन्चेव्ह साहेबांनी एक प्रत चौकटीतही लावली आहे. तिच्या चिठ्ठीच्या शेजारी.

आठव्या मजल्यावरची स्तोयना मावशी भाजीची पिशवी घेऊन आत आली. तिने एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा चिठ्ठीकडे.

"काय माणसं असतात बघ! मरणाऱ्याला लाज बाळगायला सांगतात."

"हो ना," झोर्नित्सा म्हणाली, आणि वर चुकचुकलीही. "कोण असेल गं मावशी?"

स्तोयना मावशीने गाडीतल्या यागोदाकडे पाहिलं, तिच्या गालाला हलकेच चिमटा घेतला आणि म्हणाली, "कुणास ठाऊक बाई. ज्याच्या घरी बाळ असेल तो."

त्या दिवशी दुपारच्या शांततेच्या वेळात झोर्नित्सा मांस भाजायची लोखंडी सळई घेऊन लिफ्टमध्ये उभी राहिली. चिठ्ठी वर ओढायची तर ती खाली घसरली. डावीकडे ढकलायची तर उजवीकडे गेली. चौथ्या मजल्यावर कुणीतरी लिफ्ट बोलावली, सळई अडकली, झटका बसला. आणि चिठ्ठी जाऊन तान्यो काकांच्या फोटोच्या बरोबर खाली बसली. वर त्यांचा शांत, जरा कंटाळलेला चेहरा. खाली 'थोडी तरी लाज बाळगा'. जणू तेच तिला सांगत होते.

पेन्चेव्ह साहेबांनी तिचं म्हणणं उंबरठ्यावरच ऐकून घेतलं.

"चौकटीतला कागद काढायचा तर ज्याने लावला त्याने अर्ज करायचा. नाव, बिऱ्हाड क्रमांक, कारण."

"आणि निनावी असेल तर?"

"तर सर्वसाधारण सभेचा ठराव."

"सभा कधी आहे?"

"चाळीस दिवसांनी. इमारतीत दुखवटा आहे, आत्ता सभा कशी घेणार?" मग चष्मा वर सरकवून त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "तुम्हाला अर्ज करायचाय का, बाई?"

"मला? छे! मी आपलं सहज, इमारतीच्या प्रतिष्ठेसाठी."

"उत्तम. प्रतिष्ठेचा विषय सभेपुढे ठेवतो. आणि हो, चाळीस दिवस 'ब' दारात गाणंबजावणं नाही. सगळ्यांना लागू आहे. ट्रॉम्बोनला पण सांगून आलो."

चाळीस दिवस. जलसा चौतिसाव्या दिवशी होता.

पुढचे दिवस कसे गेले ते झोर्नित्साला सलग आठवत नाही, आठवतात ते तुकडे. कानाला हेडफोन लावून सराव करता यायचा, पण हेडफोनमधले ठोके पाळण्यात उतरत नाहीत. यागोदा झोपेना. दिवसा नाही, संध्याकाळी नाही, गाडीत नाही, छातीशी नाही. पाळणा कपडे धुण्याच्या यंत्रावर ठेवून पाहिला. पिळण्याच्या वेळी पोर क्षणभर खूश झाली, मग यंत्राने गचका खाल्ला आणि ती त्याच्यावर रागावली. तळघरातल्या खणात जावं तर तिथे स्तोयना मावशीच्या लोणच्याच्या बरण्या. अगदी हळू, सशाच्या काळजाएवढे ठोके लावले, तरी फळी थरथरून ढोबळ्या मिरच्यांची एक बरणी खाली आली. सगळ्या तळघरात व्हिनेगरचा वास. वास काही दुखवट्याचे नियम मोडत नव्हता, तरी पेन्चेव्ह साहेबांनी त्याची नोंद घेतली.

सल्ला द्यायला मात्र कुणाला दुखवटा नव्हता. कॅमोमाइल पाजा, म्हणाले दुसऱ्या मजल्यावाले. पाळण्याचं डोकं पूर्वेला करा. दूध बंद करा. दूध वाढवा. दंतवैद्याने लिफ्टमध्ये थांबवून सांगितलं की दात येत असतील, आणि बोलताना सारखा चौकटीकडे पाहत होता. शेवटी स्तोयना मावशी वाटीत शिसं घेऊनच आली.

"पोरीला भीती बसलीये. शिसं ओतावंच लागणार."

"मावशी, मी भूमापन खात्यात अधिकारी आहे."

"असशील. पोरीला धर."

यागोदाच्या डोक्यावर लाल कापड धरून मावशीने वितळलेलं शिसं पाण्याच्या भांड्यात सोडलं. चर्रर्र झालं. पोर डोळे मोठे करून पाहत राहिली. तीन आठवड्यांत ती एवढी गप्प पहिल्यांदाच बसली होती. मावशीने पाण्यातून गोळा काढला, उजेडात फिरवला.

"हा बघ. माणूस आहे. झोपलेला. हात असा वर केलेला, काहीतरी धरून."

अधिकारी माणसाने शिशावर विश्वास ठेवायचा नसतो. पण दुसऱ्याच दिवशी झोर्नित्सा फुलं घेऊन सहाव्या मजल्यावर निघाली.

फुलं आठ होती. मेलेल्या माणसाच्या घरी सम आकड्यातच न्यायची, हे झोर्नित्साला कितीही पेंगत असली तरी चुकणं शक्य नव्हतं; आयुष्यभर तिने चाराचारांतच मोजलं होतं. फक्त पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मधे यागोदाने एक फूल ओढलं आणि देठासकट तोंडात घातलं. दार उघडलं तेव्हा झोर्नित्साच्या एका हातात सात फुलं होती आणि दुसऱ्या हाताचं बोट पोरीच्या घशात.

"ये गं," तान्यो काकांच्या बायको, गिनका काकू म्हणाल्या. काळी ओढणी, पायात लोकरी मोजे. त्यांनी फुलं मोजली, पोरीच्या हनुवटीवरची पिवळी पाकळी पुसली आणि एक फूल स्वतः काढून ठेवलं. "सहा झाली. बस."

खोलीत खिडकीलगत पलंग होता, गादी काढलेला. पलंगाच्या उशाशी भिंतीतून वर जाणारी नळी. नळीचा रंग एका जागी, हाताच्या पंजाएवढा, घासून गेला होता. खाली फरशीवर कडेला लाकडी दांड्याचा एक छोटा पाना.

झोर्नित्साने घरून भाषण पाठ करून आणलं होतं. त्यातलं पहिलंच वाक्य बाहेर आलं, तेही मोडकं.

"काकू, ती चिठ्ठी... मला माहीत नव्हतं की काका आजारी..."

"वाचली मी. त्याला पण वाचून दाखवली." काकूंनी कॉफीचं भांडं चुलीवर ठेवलं. "तो म्हणाला, अगं, खालच्या पोरीचा गैरसमज झालाय. मग नाही ठोकलं त्याने."

"कसला गैरसमज? त्रास होत असणारच ना त्यांना."

"त्रास? अगं तो बहिरा होता. गिरणीत चौतीस वर्षं मागांचा मिस्त्री. ऐंशी माग एका हॉलमध्ये. तिथं कुणाचे कान शिल्लक राहतात? माझं बोलणं त्याला निम्मं कळायचं नाही. पण हात ठेवला की कळायचं. मागाच्या चौकटीवर तळवा ठेवून सांगायचा, हा दुपारपर्यंत दोरा तोडणार. शेवटी शेवटी पडूनच होता, कशात रस नाही. तुझं ते सुरू झालं बाराला, तसा हात नळीवर. बारा वाजायची वाट बघायचा."

झोर्नित्साच्या मांडीवर यागोदा देठ चघळत होती.

"मग ठोकायचे का?"

"चूक दाखवायला! तू चुकायचीस ना एका जागी, रोज त्याच. तो चिडायचा. म्हणायचा, दोन माग एका वेगानं चालवतेय, वेग बरोबर आहे, त्यात खोट नाही. पण दुसरा माग वर खेचतोय. दोघं एकमेकांशी भांडतायत. गिनके, सांग तिला. मी म्हटलं, मी काय सांगू, मला काय कळतंय त्यातलं. मग ठोकायचा. गिरणीत तसंच करायचे, गोंगाटात बोलणं ऐकू येत नाही ना. दोन ठोके म्हणजे 'थांब, पुन्हा बघ.'"

"आणि चिठ्ठीनंतर?"

"हात ठेवायचा नुसता." काकूंनी कॉफी ओतली. "चुकलीस की बोटं वळायची. पण ठोकलं नाही. म्हणाला, बाई लाजलीये, राहू दे."

कॉफी कडू होती. झोर्नित्सा ती चटके सोसत प्यायली.

घरी येऊन ती थेट यंत्रापुढे बसली. फ्रिजवर तिचं चक्र चिकटवलेलं होतं. घड्याळासारखे बारा आकडे, प्रत्येक गाण्याच्या सुराला एक आकडा. शेजारशेजारच्या आकड्यांचं जमतं, लांबच्यांचं जमत नाही. तिसऱ्या सांध्याला एक गाणं आठाचं, दुसरंही आठाचं. याहून सख्खं काय असणार? पण दुसरं गाणं मुळात एकशे चाळीसचं होतं, तिने ओढून एकशे अठ्ठेचाळीसवर आणलेलं. वेग इतका वाढवला की सूरही अर्ध्या पायरीने चढतो, आणि आठाचं गाणं मुकाट्याने तिनाचं होऊन बसतं. हे तर तिने नवशिक्यांना शिकवलं होतं! म्हणूनच सूर जागच्या जागी धरून ठेवायचं एक बटण असतं, आणि ते तिने पहिल्याच दिवशी दाबलं होतं. दिवा लागला नव्हता. दिवा गेला असेल, असं तिने ठरवलं होतं.

तिने बटण नखाने खरवडलं. खालून केळ्याची खीर निघाली. वाळलेली, पिवळी, यागोदाच्या पहिल्या उष्ट्या घासाची.

दोन महिने ती वेग तपासत होती. वीस वेळा, तीस वेळा. कान पेंगलेले होते, आणि ज्या दोघांना ऐकू येत होतं त्यातल्या एकीला बोलता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पेन्चेव्ह साहेबांकडे अर्ज दिला. नाव लिहिलं, बिऱ्हाड लिहिलं, उजव्या हाताने. 'कारण' या रकान्यात लिहिलं : 'तो माणूस तक्रार करत नव्हता.'

पेन्चेव्ह साहेबांनी ते दोनदा वाचलं. "हे कारण यादीत बसत नाही."

"बसवा कुठेतरी, साहेब."

त्यांनी थोडा वेळ पेनचं टोपण उघडबंद केलं. मग चौकट उघडली, चिठ्ठी काढली, चार घड्या घालून तिच्या हातात दिली आणि कुलूप लावताना, तिच्याकडे न पाहता म्हणाले, "हात बघितला मी त्यांचा, शेवटच्या दिवशी. नळीवरच होता." त्यांनी कधी नव्हे ती तिच्यासाठी लिफ्टची कळ दाबली.

चौतिसाव्या दिवशी, रविवारी दुपारी तीनला, गिरणीच्या हॉलमध्ये साठएक माणसं होती. निम्मी बाळांना घेऊन आलेली. माग केव्हाच भंगारात गेले होते. जमिनीत त्यांचे बोल्ट तेवढे उरले होते, ओळीओळीने, आणि लोक ठेचकाळत नाचत होते. यागोदाच्या कानांवर जाड कानटोपी. ती लाचेझारच्या छातीशी बांधलेली. पहिला सांधा. दुसरा. तिसऱ्याला झोर्नित्साने डावा तळवा टेबलाच्या लोखंडी पायावर ठेवला, का ते तिलाही सांगता आलं नसतं, आणि उजव्या हाताने दुसरं गाणं आत सरकवलं.

काही झालं नाही. एकही पाय चुकला नाही, एकही मान वळली नाही. जुनं गाणं कुठे संपलं आणि नवं कुठे सुरू झालं, ते साठांतल्या कुणालाच समजलं नाही. यागोदा झोपलेलीच राहिली, ओठ सैल सोडून.

"छान," ती मंचावरून उतरताना क्रुम म्हणाला, मोबाइलमधून मान वर न काढता. "शेवटचं जरा लांबलं. बटण सोपं आहे ना?"

हा धंदाच असा आहे की चुकलं तर सगळ्यांना कळतं आणि जमलं तर कुणालाच नाही. तसं कळणारा एक माणूस होता. तो दारावरच्या कागदावर होता, आणि पावसाने त्याच्या कागदाची एक बाजू सुटली होती.

चाळिसाव्या दिवशी गिनका काकू दारोदार उकडलेले गहू वाटत आल्या, वर पिठीसाखरेचा थर. "देव त्याला क्षमा करो," झोर्नित्साने म्हटलं आणि चमचाभर खाल्लं.

"काय गं, ते तिसरं?"

"बसलं, काकू."

"लोक काय म्हणाले?"

"कुणाला कळलंच नाही."

काकूंनी मान हलवली, जणू याहून वेगळं काही त्यांनी अपेक्षिलंच नव्हतं. "माग नीट चालला की मिस्त्रीचं नाव कुणी घेत नाही, असं म्हणायचा तो. रागानं नाही हां. खुशीत असला की." आणि ताट घेऊन त्या पुढच्या दाराकडे वळल्या. दोन पायऱ्या चढून थांबल्या. "उद्यापासून वाजव. वर फार शांत झालंय."

दुसऱ्या दिवशी बारा वाजता झोर्नित्साने स्पीकर फरशीवर ठेवला. यागोदाच्या मुठी पहिल्याच मिनिटात उघडल्या. शहराने हीटिंग बंद केल्याला आठवडा झाला होता, नळी गार होती. पहिला सांधा गेला, दुसरा गेला. तिसरा जवळ आला तसा झोर्नित्साचा हात सवयीने थबकला आणि तिने छताकडे पाहिलं.

गाणं गाण्यात विरघळलं. पोर झोपलेली होती. झोर्नित्सा नळीवर हात ठेवून उभी राहिली, पुढचं गाणं अर्ध्यावर येईपर्यंत. कुठेच चूक नव्हती. वरून ठोका यायचं काही कारणच नव्हतं.